आधी नोकरी मग फी म्हणणाऱ्यांनो, मला नोकरी लागली नसती तर तुमचं नक्की काय गेलं असतं?

‘नोकरी लागल्यावर फी भरा’ या बोलीवर ऑनलाइन कोडिंग शिकवणाऱ्या सगळ्या स्कूल्सच्या फाउंडर आणि चालक मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

आधीच सांगून टाकतो, मी तुमचा हेटर नाही. तुमच्यासारख्याच एका ऑनलाइन कोडिंग स्कूलमध्ये मी शिकलो, शिकताना एक पैसा भरला नाही, नंतर नोकरी लागली, मग करारात लिहिल्याप्रमाणे दर महिन्याला पगारातले पैसे जात राहिले आणि शेवटचा हप्ता जाऊनही आता बरेच दिवस झालेत. म्हणजे तुमच्या वेबसाइटवर ज्यांचे हसरे फोटो असतात आणि खाली ‘माझं आयुष्य बदललं’ असं लिहिलेलं असतं ना, त्या रांगेतलाच मी एक. माझाही फोटो मागितला होता, मी दिला नाही, पण त्यामागे काही तत्त्वबित्त्व नव्हतं, त्या आठवड्यात दाढी फारच वाढली होती. स्कूलचं नाव इथे लिहीत नाही कारण हे पत्र एका स्कूलला नाहीये, ही बोली लावणाऱ्या सगळ्यांना आहे.

पत्र लिहायचं कारण माझा मावसभाऊ. परवा रात्री साडेअकराला त्याने एक पीडीएफ पाठवली, चौदा पानं, आणि खाली एवढंच की दादा सही करू का, नोकरी लागली तरच पैसे द्यायचेत, नाही लागली तर आपलं काहीच जात नाही, त्यांचंच नुकसान. मी ‘कर’ असं टाइप केलं, पाठवायच्या आधी पुसलं आणि मग रात्री दोनपर्यंत ती चौदा पानं वाचत बसलो. स्वतःच्या वेळेला मी वाचली नव्हती, थेट सहीच्या पानावर उडी मारली होती. पण भावाच्या वाक्याचा जो शेवटचा तुकडा आहे, ‘नाही लागली तर त्यांचंच नुकसान’, तिथे माझी गाडी अडकली ती अडकलीच. कारण हेच वाक्य मला फोनवर ऐकवलं होतं, जवळजवळ याच शब्दांत, आणि माझ्या बाबतीत ते खरं नव्हतं.

कल्पना म्हणून ही गोष्ट मला आजही आवडते हं. ज्याच्याकडे डिग्री नाही, जामीन राहणारं कोणी नाही, त्याला कर्ज मिळत नाही आणि मिळालंच तर शिकून झाल्यावर नोकरी लागो न लागो, हप्ता सुरू. इथे निदान कागदावर तरी पगार एका आकड्याच्या वर गेला तरच पैसे, तेही ठरावीक महिने, आणि एकूण किती त्यालाही वरची मर्यादा. नोकरी गेली तर हप्ता थांबतो. हे सगळं नीट पाळलं तर तो एक प्रकारचा विमाच आहे, आणि मला त्या वेळी दुसरं कोणी दार उघडत नव्हतं हेही खरं.

आणि ही आयडिया तुमची नाहीये, स्टेजवर सांगताना तुमची असल्यासारखी सांगता म्हणून म्हणतोय. मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५५ साली लिहून ठेवलंय की शिकणाऱ्यात पैसे गुंतवावेत आणि बदल्यात त्याच्या पुढच्या कमाईतला हिस्सा घ्यावा. त्याच निबंधात त्याने हेही मान्य केलंय की माणसाच्या कमाईतला वाटा विकत घेणं म्हणजे आर्थिकदृष्ट्या अर्धवट गुलामगिरीच्या जवळ जातं, हा भाग तुमच्या स्लाइड्समध्ये कधी दिसला नाही. मग १९७१ मध्ये अमेरिकेतल्या येल युनिव्हर्सिटीने प्रत्यक्षात करून बघितलं. दर १,००० डॉलर फीमागे वर्षाच्या कमाईतले ०.४ टक्के द्यायचे आणि पूर्ण बॅचचं मिळून कर्ज फिटेपर्यंत किंवा ३५ वर्षं होईपर्यंत देत राहायचं. झालं काय, ज्यांची कमाई चांगली झाली ते जादा पैसे भरून बाहेर पडले, काहींनी भरलंच नाही, आणि मधल्यामध्ये जे प्रामाणिकपणे भरत होते त्यांच्या डोक्यावर सगळ्यांचा बोजा. सत्तरच्या दशकातच नवीन लोक घेणं बंद झालं आणि उरलेलं शेवटी येलने सोडून दिलं. पर्ड्यू युनिव्हर्सिटीने २०१६ मध्ये आपली वेगळी स्कीम काढली, २०२२ मध्ये तीही नवीन मुलांसाठी थांबवली. पण येलमध्ये एक गोष्ट होती. शिकवणारा आणि पैशाची वाट बघणारा एकच होता.

आता माझ्याकडे येतो.

आमचा कोर्स पूर्णवेळ होता. सकाळी स्टँड-अप म्हणजे आज काय करणार ते सांगायची छोटी मीटिंग, मग लाइव्ह क्लास, दुपारी पेअर प्रोग्रामिंग म्हणजे दोघांनी मिळून कोड लिहायचा, संध्याकाळी कोड रिव्ह्यू म्हणजे लिहिलेल्याची तपासणी, आणि पहिले दोन महिने खरंच भारी होते, आमचा इन्स्ट्रक्टर असा होता की चुकीचा प्रश्न विचारला तरी तो त्यातून बरोबर प्रश्न काढून द्यायचा. तिसऱ्या महिन्यात, रिअ‍ॅक्ट (वेबपेज बनवायचं एक साधन) नुकतं सुरू झालेलं, पेजवरचा एक साधा डबा मधोमध आणायला मला अजून गूगल लागत होतं, आणि त्या दिवशी ईमेल आला. एका गुंतवणूक फंडाचं नाव, जे मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि खाली की तुमच्या कराराची मालकी आता आमच्याकडे आली आहे, तुमच्यासाठी काहीही बदलत नाही, स्वागत आहे.

मी तो मेल दोनदा वाचला आणि बंद केला. डोक्यात प्रोजेक्टची डेडलाइन होती. पण त्याचा अर्थ आज सांगतो. माझा पगार शून्य होता, मला कोणी इंटरव्ह्यूला बोलावलं नव्हतं, माझा रेझ्युमे तयार नव्हता, आणि माझ्या न आलेल्या पगारातला वाटा आधीच विकून झाला होता. स्कूलला तिचे पैसे मिळाले होते. कमी मिळाले असतील, सूट देऊन विकलं असेल, पण मिळाले होते. म्हणजे त्या दिवसापासून मला नोकरी लागली काय किंवा न लागली काय, नुकसान झालं असतं ते त्या फंडाचं, आणि वेळ गेला असता तो माझा. ज्यांनी फोनवर मला ‘आपण एकाच बोटीत आहोत’ म्हणून सांगितलं ते केव्हाच उतरून किनाऱ्यावर गेले होते.

साधारण त्याच सुमाराला आमच्या पगारी असिस्टंट्सची संख्या कमी झाली आणि त्यांच्या जागी मागच्या बॅचचे विद्यार्थी आले, चांगली मुलं होती बिचारी, पण जे आम्हाला येत नव्हतं ते त्यांनाही कालच आलेलं होतं. इन्स्ट्रक्टरही बदलला. करार विकणं आणि हे बदल या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मी सिद्ध करू शकत नाही आणि तसा दावाही करत नाही. फक्त एवढंच म्हणतो, ज्या धंद्यात मुलगा दाखल झाला की पैसे येतात तिथे सगळं डोकं दाखले वाढवण्यात जातं, आणि ज्या धंद्यात मुलाला नोकरी लागली की पैसे येतात तिथे डोकं शिकवण्यात जातं, आणि करार विकला की तुम्ही दुसऱ्या धंद्यातून पहिल्यात येता, जाहिरात मात्र दुसऱ्याचीच चालू राहते.

तुमची अडचण मला कळते. आज शिकवलं तर पैसे यायला दोन-तीन वर्षं, आणि इन्स्ट्रक्टरचा पगार मात्र दर महिन्याला, सर्व्हरचं बिल दर महिन्याला. मधला खड्डा कशाने तरी भरायला पाहिजे. पण तो भरायचे बाकी मार्ग आहेत ना. करार तारण ठेवून कर्ज काढा, मुलांकडून पैसे आले नाहीत तरी ते तुम्ही फेडायचं अशा अटीवर. किंवा विकायचेच तर अर्धा भाग विका आणि अर्धा ठेवा, आणि बुडालं तर आधी तुमचा अर्धा बुडेल असं लिहून द्या. मग म्हणा आपण एकाच बोटीत. पूर्ण विकून वर हेच म्हणणं याला साध्या भाषेत काय म्हणतात ते तुम्हालाही माहितीये.

हे फक्त माझ्या डोक्यातलं नाही. लॅम्डा स्कूल, २०१७ मध्ये सुरू झालेलं, नंतर ब्लूमटेक नाव घेतलेलं, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मॉडेल तिथूनच उचललंय. त्यांचा करार सगळ्यांना पाठ होता, पगार वर्षाला ५०,००० डॉलरला पोचला की करपूर्व कमाईतले १७ टक्के, २४ महिने, जास्तीत जास्त ३०,००० डॉलर. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक आर्थिक संरक्षण ब्युरोने, सीएफपीबीने, त्यांच्यावर आणि फाउंडर ऑस्टन ऑलरेडवर कारवाई केली. कंपनीला ग्राहकांना कर्ज देण्यावर कायमची बंदी, ऑलरेडला विद्यार्थ्यांना कर्ज देण्यावर दहा वर्षं बंदी, आणि दोघांना मिळून १,६४,००० डॉलरच्या वर दंड. ब्युरोने काय म्हटलं ते नीट वाचा, वकिलाला देऊ नका, स्वतः वाचा. मुलांना सांगितलं की तुम्ही कमावलं तरच आम्हाला मिळणार, आणि इकडे ते करार गुंतवणूकदारांना विकत होते. मुलांना सांगितलं की हे कर्ज नाही, आणि ब्युरोच्या हिशोबाने ते कर्जच होतं, त्यात सरासरी ४,००० डॉलर फायनान्स चार्ज, म्हणजे कर्ज घेण्याचा खर्च, होता. जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के प्लेसमेंट, आतल्या आकड्यांत ५० टक्क्यांच्या आसपास, आणि काही वेळा ३० पर्यंत खाली. आणि सगळ्यात मला आवडलेला भाग म्हणजे एका बॅचचं १०० टक्के प्लेसमेंट झालं म्हणून ट्विट केलं होतं आणि नंतर खासगी मेसेजमध्ये कबूल केलं की त्या बॅचच्या सँपलमध्ये एकच विद्यार्थी होता. एक! मी हे वाचून हसलो आणि मग आमच्या स्कूलचं होमपेज आठवलं आणि हसू गेलं.

‘कर्ज नाही’ या शब्दावर जरा थांबतो. मला फोन करणारी ताई अतिशय गोड बोलायची, ती म्हणाली सर हे लोन नाहीये, ही पार्टनरशिप आहे. लोन म्हटलं की माणूस घाबरतो, व्याज विचारतो, घरच्यांना विचारतो. पार्टनरशिप म्हटलं की लगेच पेन काढतो. पण सीएफपीबीने सप्टेंबर २०२१ मध्येच बेटर फ्यूचर फॉरवर्ड नावाच्या संस्थेच्या प्रकरणात सांगून टाकलं होतं की असे उत्पन्न-हिस्सा करार म्हणजे खासगी शैक्षणिक कर्जच आहे. आणि ब्लूमटेकच्या करारात तर एक हप्ता चुकला की डिफॉल्ट, म्हणजे थकबाकीदार, आणि त्या ३०,००० मधलं उरलेलं सगळं ताबडतोब देय, असं ब्युरोने म्हटलंय. सांगा बरं, कुठली पार्टनरशिप अशी असते. कोडिंग सोडून सॉफ्टवेअर विक्री शिकवणारी प्रीहायर्ड नावाची कंपनी होती, तिने तर असेच करार घेऊन स्वतःच्या मुलांवर ढीगभर दावे ठोकले, २०२३ मध्ये सीएफपीबी आणि अनेक राज्यांनी मिळून ते करार रद्द करून घेतले. शब्द काय वापरायचा ते तुम्ही ठरवा, पण वसुलीला जो माणूस येतो तो कर्जवसुलीवालाच असतो.

आता गणित, कारण तुम्ही आम्हाला लॉजिक शिकवता म्हणून. वरचाच करार घेऊ. वर्षाला ४९,९०० डॉलर कमावणारा शून्य भरतो. ५०,००० वाला ८,५०० भरतो. म्हणजे १०० डॉलरची पगारवाढ मिळाली आणि हातात ४१,५०० उरले. परत ५०,००० हातात यायला पगार ६०,२४० च्या वर जावा लागतो. मधल्या या दहा हजारांच्या पट्ट्यात जो कोणी आहे तो नोकरी लागून गरीब झाला. आता सांगा, पहिली नोकरी शोधणारा ज्युनिअर नेमका कुठल्या पट्ट्यात असतो? मला स्वतःला हे झालंय, पहिली ऑफर आमच्या करारातल्या पगाराच्या मर्यादेच्या जरा वर होती आणि मी एचआरला फोन करून विचारलं होतं की पगार थोडा कमी करता येईल का, ती बाई गप्पच झाली, तिला वाटलं असेल हा वेडा आहे किंवा काहीतरी लपवतोय.

आणि हे सुधारणं अवघड आहे असं अजिबात नाही. ब्रिटनमध्ये विद्यार्थी कर्जाची परतफेड मर्यादेच्या वरच्या कमाईवरच होते, साध्या पदवीच्या कर्जावर ९ टक्के, म्हणजे मर्यादेच्या वर एक रुपया कमावला तर त्या एका रुपयाचेच नऊ पैसे, सगळ्या पगाराचे नाहीत. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून कमाईप्रमाणे फी फेडायची पद्धत आहे, तिथे पूर्ण पगारावर टक्का लागायचा, तोच कड्यावरून पडल्यासारखा प्रकार, आणि २०२५ मध्ये त्यांनीही कायदा बदलून फक्त वरच्या कमाईवर केलं. एका देशाच्या सरकारला जे जमलं ते तुमच्या स्प्रेडशीटला जमत नाही असं म्हणू नका. टक्का थोडा वाढवा हवं तर. पण कडा काढा.

गणिताचा दुसरा भाग उलट बाजूने लागतो. त्याच करारात ९०,००० वाला वर्षाला १५,३०० म्हणजे दोन वर्षांत ३०,६०० देणार होता, जास्तीत जास्तच्या मर्यादेमुळे ३०,००० वर थांबला. ५०,००० वाल्याने १७,००० दिले. कोर्स तोच, व्हिडिओ तेच. ज्याला स्वतःची खात्री आहे तो मग विचार करतो की मी कशाला जवळपास दुप्पट देऊ, कर्ज काढतो आणि रोख भरतो, आणि तुमच्याकडे उरतात ते ज्यांना खात्री नाही. येलमध्ये हेच झालं होतं, फक्त तिथे ते शिकून झाल्यावर पळाले, इथे आधीच पळतात. मग तुमचा आकडा खाली जातो, मग तो आकडा सुंदर दिसावा म्हणून खटपट सुरू होते.

त्या खटपटीची पद्धत पण सांगतो, कारण मी नंतर बरेच इंटरव्ह्यू घेतले, तुमच्याच मुलांचे, आणि मुलांनीच सांगितलं. समजा १०० जण आले. ३० मध्येच सोडून गेले, ते मोजायचे नाहीत, कारण त्यांनी कोर्स पूर्ण केला नाही. ७० राहिले. त्यातले ३० ‘सक्रियपणे नोकरी शोधत नाहीत’, का, तर आठवड्याला ठरवून दिलेले अर्ज केल्याचे पुरावे अपलोड केले नाहीत, एखाद्या आठवड्यात आजारी होते, एखाद्याची आई हॉस्पिटलात होती, ते बाद. राहिले ४०. त्यातल्या ३२ जणांना काम मिळालं. ८० टक्के! होमपेजवर मोठ्या अक्षरात. दारातून आत आलेल्या १०० मधले ३२ हा आकडा कुठेच नाही. आणि त्या ३२ मध्ये तुमच्याच स्कूलमध्ये असिस्टंट म्हणून ठेवून घेतलेले किती, दोन महिन्यांचं कंत्राटी काम किती, आधीच डेव्हलपर होते आणि फक्त अपग्रेड करायला आलेले किती, हे विचारलं की सपोर्टवाला ‘छान प्रश्न आहे’ म्हणतो आणि उत्तर येत नाही.

पद्धत नाही असंही नाही. २०१७ मध्येच काही कोडिंग स्कूल्सनी एकत्र येऊन सीआयआरआर म्हणून निकाल जाहीर करायचा एक समान साचा केला होता, कोणाला मोजायचं, किती दिवसांनी मोजायचं, नोकरी कशाला म्हणायचं, सगळं ठरवून. म्हणजे कसं मोजायचं हे माहिती नाही ही सबब उरत नाही. मोजल्यावर काय दिसेल ते माहिती आहे, हे जास्त खरं.

२०२२ च्या शेवटापासून तर सगळंच बदललं. मोठ्या कंपन्यांनी लोक काढले, ज्युनिअरच्या जागा आटल्या, त्याच वर्षी नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि जे काम पहिल्या वर्षातल्या पोराला देऊन शिकवायचो ते काम आता सीनिअर स्वतःच दुपारच्या आत उरकतो. मी पण उरकतो, खोटं कशाला बोलू. ज्याने २०२१ मधला प्लेसमेंटचा आकडा बघून सही केली तो २०२३ च्या बाजारात उतरला. यात तुमचा दोष नाही, बाजार कोणाच्या बापाचा नाही. पण अशा वेळीच कळतं करारात जोखीम खरी कोणाकडे आहे. जे स्कूल खरंच मुलांच्या पगाराची वाट बघत होतं त्याला दुखलं असणार आणि दुखलं म्हणून त्याने अभ्यासक्रम बदलला असणार, बॅच लहान केली असणार. ज्यांनी विकून टाकलं होतं ते पुढच्या बॅचची जाहिरात करत होते. बऱ्याच जणांनी तर नंतर ही बोलीच सोडली आणि आता आधी फी नाहीतर सरळ कर्ज, असं चालू केलंय. ते निदान नाव बरोबर घेतात म्हणायचं.

माझ्या भावाच्या चौदा पानांत काय आहे सांगतो, तुमच्यातल्याच कोणाचं तरी आहे. पान चारवर ‘पात्र नोकरी’ची व्याख्या, आणि ती वाचली तर कुठलीही नोकरी पात्र आहे, गोदामात काम केलं तरी, गाडी चालवली तरी, पगार मर्यादेच्या वर गेला की झालं. म्हणजे कोडिंग त्याला आलंच नाही आणि तो जुन्याच कामात बढती मिळून वर गेला, तरी टक्का तुमचा. कशाबद्दल? पान सातवर, मधेच सोडलं तर किती दिवस शिकला त्याप्रमाणे देणं लागतो, हे ठीक आहे, पण चौथ्या आठवड्यानंतर पूर्ण. म्हणजे पाचव्या आठवड्यात त्याला कळलं की शिकवणं बेकार आहे तर उशीर झालेला. पान नऊवर, दर महिन्याला पगाराची स्लिप आणि दरवर्षी कराचं रिटर्न अपलोड करायचं, नाही केलं तर तुम्ही अंदाजाने पगार धरणार, आणि तो अंदाज कसा, तर त्या शहरातल्या डेव्हलपरचा सरासरी पगार. बेकार माणसाला स्लिप नसते हो, तो काय अपलोड करणार. आणि पान बारावर तेच, एक ओळ, बारीक अक्षरात, हा करार स्कूल पूर्णपणे किंवा अंशतः तिसऱ्या पक्षाला हस्तांतरित करू शकते, विद्यार्थ्याची संमती न घेता.

मी त्या ओळीवर पिवळा रंग मारून त्याला परत पाठवलं. त्याने विचारलं, दादा यात काय आहे, हे तर सगळीकडे लिहिलेलं असतं. हो, सगळीकडे लिहिलेलं असतं. म्हणूनच तर सगळ्यांना लिहितोय.

मला तुमच्याकडून भाषण नकोय, वेबिनार तर अजिबात नको. मला बारावं पान बदलून हवंय. करार विकायचा नाही, आणि विकायचाच तर निम्मा तुमच्याकडे राहील आणि पहिला तोटा तुमचा, आणि विकला तर मुलाला त्याच दिवशी कोणाला विकला ते सांगणार, आणि शिकवण्यात खोट निघाली तर मुलगा जी तक्रार तुमच्यावर करू शकला असता ती विकत घेणाऱ्यावरही करू शकेल. ही शेवटची अट मी मनाने काढलेली नाही, अमेरिकेत ग्राहक कर्जाच्या कागदात अशी सूचना छापावी लागते, आणि ब्लूमटेकने ती गाळली हा पण त्यांच्यावरच्या आरोपांतला एक होता. बारावं पान नीट झालं ना तर बाकीची पानं तुम्ही स्वतःहून नीट कराल असं माझं मत आहे, कारण मग वाईट शिकवणं, फुगवलेला आकडा, नको त्या मुलाला भरती करणं, या सगळ्याचा फटका तुमच्याच खिशाला बसेल. आणि ते पान बदलायला तयार नसाल तर निदान फोन करणाऱ्या त्या ताईला सांगा की ‘तुमचं नुकसान ते आमचं नुकसान’ हे वाक्य स्क्रिप्टमधून काढ. तिला माहिती नसेल. मला ज्या ताईने फोन केला होता तिला नव्हतंच माहिती, मी नंतर तिला विचारलं होतं, तेव्हा ती दुसरीकडे नोकरीला लागली होती आणि म्हणाली, मला तर वाटायचं की मी खरंच तुम्हा सगळ्यांचं भलं करतेय.

तिच्यावर माझा राग नाही. तुमच्यावरही पूर्ण नाही, कारण ज्या टेबलावर बसून हे टाइप करतोय ते तुमच्यासारख्यांनीच शिकवलेल्या कामाच्या पैशातून आलंय. पण आमच्या बॅचचा ग्रुप अजून आहे, त्यात रोज कोणीतरी विनोद टाकतं, आणि जे कधीच काही टाकत नाहीत त्यांची नावं मला पाठ आहेत. त्यांतल्या दोघांना मी स्वतः रेफर केलं, झालं नाही. तिसऱ्याचा करार कुठल्या फंडाकडे आहे हे त्यालाही माहिती नाही, वर्षातून दोनदा मेल येतो की तुमची कमाईची माहिती अपडेट करा, आणि तो दर वेळी शून्य भरतो.

भावाची सही करायची मुदत पुढच्या शुक्रवारी संपतेय. तुमच्यातलं ते स्कूल कुठलं हे तुम्हाला पान चारच्या व्याख्येवरून कळलंच असेल. बारावं पान बदलून पाठवलंत तर मी स्वतः त्याच्या शेजारी बसून त्याला सही करायला लावीन.

तुमचाच,
शेवटचा हप्ता भरून मोकळा झालेला एक विद्यार्थी